एका अटीचा इतिहास

स्त्रीवैद्यकाचा विषय निघाला की मराठी माणसाच्या तोंडी पहिले नाव येते ते आनंदीबाई जोशी यांचे, आणि ते तसे यावे हे योग्यच आहे. कल्याणच्या एका घराण्यात १८६५ साली जन्मलेली यमुना वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांची पत्नी होऊन आनंदी झाली. चौदाव्या वर्षी प्रसूत झाली. दहा दिवसांचे मूल योग्य वैद्यकीय मदतीवाचून गेलेले तिने पाहिले. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगाल्यातील श्रीरामपूर येथे भरसभेत उभी राहून आपण अमेरिकेस का जातो याचा खुलासा तिने केला, आणि एप्रिलात कलकत्त्याहून ती पतीवाचून जहाजावर चढली. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिला ११ मार्च १८८६ रोजी मिळाली, आणि पुरते एक वर्षही लोटले नाही तोच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याच्या आत, पुण्यास तिचा अंत झाला. कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूक केली होती. त्या जागेवर ती एक दिवसही बसली नाही. काशीबाई कानिटकरांनी तिचे चरित्र लिहिले, वाचकांनी ते वाचून डोळे पुसले, आणि तेव्हापासून आजतागायत स्त्रीवैद्यकाचा आपल्याकडील आरंभ हा एका शोकांतिकेच्या रूपानेच आपल्या स्मरणात राहिला आहे.

परंतु शोकांतिकेने माणसाचे मन हलत असले, तरी तिने इस्पितळे उभी राहत नाहीत. स्त्रियांनी वैद्यक शिकावे ही गोष्ट असामान्य धैर्याच्या एखाद्या व्यक्तीने सिद्ध करून दाखविणे निराळे, आणि शिकलेल्या स्त्रीला जागा कोणती, दरमहा किती, तिच्यावर हुकूम कोणाचा, आणि तिचा हुकूम कोणावर, या रूक्ष प्रश्नांचा कायमचा निकाल लावणे निराळे. हा निकाल ज्या गावात प्रथम लागला ते गाव मुंबई. ज्या वर्षी तो लागू लागला ते वर्षही १८८३ च. आणि तो लावणारी माणसे कोणी ऋषी किंवा हुतात्मे नसून व्यवहारात मुरलेले व्यापारी व गिरण्यांचा हिशेब जाणणारे गृहस्थ होते. आनंदीबाईंचे जहाज पश्चिमेकडे गेल्याला आठ महिने होतात न होतात तोच पूर्वेकडे येणाऱ्या एका जहाजातून डॉक्टर एडिथ पीची नावाची अडतीस वर्षांची इंग्रज स्त्री मुंबई बंदरात उतरली. तिच्या येण्यामागे जी अट होती, तिची ही हकीकत आहे.

जॉर्ज किट्रेज हा मुंबईत पेढी असलेला अमेरिकन व्यापारी. मुंबईच्या रस्त्यांतून १८७४ साली घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या त्या ज्या कंपनीने चालविल्या तिचा हा एक भागीदार. म्हणजे सरकारकडून सनद कशी मिळवावी, करारनाम्यात कोणता शब्द घालावा आणि कोणता घालू देऊ नये, हे ज्याच्या हाडीमांसी खिळले होते असा मनुष्य. १८८२ साली डॉक्टर फ्रान्सेस हॉगन या विदुषीने हिंदुस्थानासाठी स्त्रीडॉक्टरांची योजना मांडणारा एक निबंध विलायतेच्या मासिकात प्रसिद्ध केला, आणि तो किट्रेजच्या वाचनात आला. त्याने आपला विचार बोलून दाखविला तो सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यापाशी. बंगाली हे पारशी सुधारकांतील अग्रणी. गिरणीतल्या मुलांच्या कामाचे तास मर्यादित व्हावेत म्हणून ज्यांनी स्वतःच्याच वर्गातील गिरणीवाल्यांचा रोष पत्करला, आणि १८८१ चा कारखान्यांचा कायदा ज्यांच्या खटपटीचे एक फळ होता, असे हे गृहस्थ. या दोघांनी मिळून हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी वैद्यकीय फंड उभारण्याचे ठरविले आणि त्याचे तीन हेतू जाहीर केले: विलायतेहून पदवीधर स्त्रीडॉक्टर आणावयाच्या, मुंबईत स्त्रियांचे व मुलांचे स्वतंत्र इस्पितळ काढावयाचे, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात येथल्या मुलींना वैद्यकाचे शिक्षण मिळेल अशी तजवीज करावयाची.

अशी मागणी यापूर्वी कोणी केली नव्हती असे मात्र नाही. १८८२ सालीच पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्रीडॉक्टरांची किती निकड आहे हे निक्षून सांगितले होते, आणि पुढील वर्षी त्या स्वतः वैद्यक शिकण्याच्या इराद्याने विलायतेस गेल्या. परंतु ऐकू कमी येत असल्याने तो बेत त्यांना सोडावा लागला. मिशनरी बायांचे दवाखाने उत्तरेत होतेच. मद्रासेच्या मेडिकल कॉलेजाने तर १८७५ सालीच चार स्त्रियांना प्रवेश दिला होता, आणि त्यांतली मेरी शार्लिब पुढे लंडनमध्ये नावारूपास आली. कलकत्त्याने दार लावून घेतले म्हणून अबला दास या बंगाली मुलीला १८८२ साली मद्रासेची वाट धरावी लागली. ते दार पुढे कादंबिनी गांगुली यांच्यासाठी उघडले आणि १८८६ साली त्या वैद्यकाची परीक्षा देऊन व्यवसायास पात्र ठरल्या. तेव्हा कल्पना नवी नव्हती. नवे होते ते मुंबईकरांचे हिशेबीपण.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळच्या इंग्रजी लिखाणात हा सारा प्रश्न पडद्याचा म्हणून मांडलेला आढळतो: जनान्यात कोंडलेली हिंदी स्त्री परपुरुषास नाडी दाखवीत नाही, म्हणून ती तडफडून मरते, म्हणून स्त्रीडॉक्टर हव्यात. उत्तर हिंदुस्थानातील कुलीन मुसलमान व रजपूत घराण्यांना हे वर्णन लागू पडत असेल. पण नदीच्या घाटावर उघड्या तोंडाने धुणे धुणाऱ्या, देवळात कीर्तनास बसणाऱ्या आणि वारीत शेकडो पुरुषांबरोबर चालणाऱ्या मराठी बायकांना ते कसे लागू पडावे? आमच्याकडे पडदा असा नव्हता. पण लाज होती, सोवळेओवळे होते, आणि सर्वांत बळकट असा बाळंतिणीच्या खोलीचा कायदा होता. घरातली काळोखी खोली, झरोके बंद, बाजेखाली धगधगती शेगडी, ओवा-शेपांची धुरी, दहा दिवसांचे सोयर, आणि सुईणीखेरीज परक्याला उंबरठा ओलांडण्याची मनाई. सुईण अडाणी म्हणून तिला नावे ठेवण्याची रीत आहे. परंतु तिच्या हाताला अनुभवाचे जे ज्ञान होते ते त्या काळच्या कित्येक पदवीधर पुरुषांच्या हाताला नव्हते, हेही खरे. मूल आडवे आले, वार अडकली, किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुवारोगाने अंग तापले, म्हणजे मात्र तिचे ज्ञान संपत असे आणि नवस सुरू होत. पुरुष डॉक्टराला बोलावण्याचा विचार घरच्या कर्त्या पुरुषाच्या मनात आला तरी खुद्द बाळंतीणच मान हलवी. म्हणजे प्रश्न पडद्याचा नसून विश्वासाचा होता.

फंडाला पैसे मिळण्यास वेळ लागला नाही. पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी शेटजींनी इस्पितळाच्या इमारतीसाठी लाखावर रुपये देऊ केले; परंतु ते देताना जी अट घातली तिचे महत्त्व त्या रकमेहून अधिक होते असे माझे मत आहे. सरकारने जागा द्यावी आणि पुढील खर्च चालवावा हा तिचा एक भाग, आणि असे तर कोणताही दाता म्हणेल. दुसरा भाग असा की, इस्पितळाचा संपूर्ण ताबा स्त्रीडॉक्टरांकडेच राहावा. त्या काळी सरकारी वैद्यकखाते म्हणजे लष्करी धर्तीवर चालणारी उतरंड होती, आणि कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल सर्जनच्या हाताखाली नसलेला दवाखाना ही कल्पनाच खात्याला सहन होत नसे. बाईने पाहिजे तर रोगी तपासावे, औषध द्यावे. पण मोठी शस्त्रक्रिया करावी की नाही, कोणाला दाखल करावे, कोणाला नोकरीवरून काढावे, हे ठरविणार सर्जन साहेब. किट्रेज व बंगाली यांनी नेमका हाच दोर कापला. मुंबई सरकारने थोड्या घासाघिशीनंतर अट मान्य केली, आणि १८८३ च्या नोव्हेंबरात खुद्द राणीसाहेबांचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या हस्ते कोनशिला बसली.

व्यापारी माणसांना या एका कलमाचे एवढे अगत्य का वाटले, याचा उलगडा व्हावयास मुंबई सोडून चौदा वर्षे मागे, स्कॉटलंडातील एडिंबरो शहरी गेले पाहिजे. कारण ज्या बाईला ते आणीत होते तिचे सारे तारुण्य असल्या कलमांच्या फटीत चिरडले गेले होते.

एडिथ पीची ही एसेक्स परगण्यातील एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाची मुलगी. बाप विद्वान, आई ग्रीक जाणणारी, घरी पैसा बेताचा. मुलीने शिक्षिकेचा पेशा पत्करला होता. १८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक या हट्टी व तेजस्वी बाईने एडिंबरो विद्यापीठाकडे वैद्यकाच्या वर्गात प्रवेश मागितला, तेव्हा एका बाईसाठी स्वतंत्र सोय करता येत नाही असे उत्तर मिळाले. तिने वर्तमानपत्रात आवाहन करून सोबतिणी मिळविल्या, आणि त्यांत पीची होती. हळूहळू या सात जणी झाल्या. विद्यापीठाने त्यांना घेतले ते असे: वर्ग पुरुषांपासून वेगळे, फी अधिक, आणि प्राध्यापकाने शिकवावे की न शिकवावे हे त्याच्या मर्जीवर. सवलत म्हणून जे दिले त्यातच पुढच्या नकाराची बीजे पेरून ठेविली होती.

पहिले पीक १८७० च्या वसंतात निघाले. रसायनशास्त्राच्या परीक्षेत, त्या विषयाला प्रथमच बसलेल्या विद्यार्थ्यांत, एडिथ पीची पहिली आली. नियमाप्रमाणे होप शिष्यवृत्ती तिची. ही शिष्यवृत्ती म्हणजे प्रयोगशाळा विनामूल्य वापरण्याचा हक्क, आणि भावी डॉक्टराला तो रोख पैशापेक्षा मोलाचा. परंतु ती मिळाली तिच्या खालच्या क्रमांकाच्या पुरुषांना. कारण बायका निराळ्या तासाला शिकतात, सबब त्या वर्गाच्या घटक नव्हेत! वेगळे बसविले विद्यापीठानेच, आणि वेगळे बसल्याचा दोषही त्यांच्याच माथी. या शिष्यवृत्तीचा मूळ निधी कोठून आला होता हे कळल्यावर तर हसावे की रडावे ते समजत नाही: प्राध्यापक होप यांनी १८२० नंतरच्या दशकात शहरातील सभ्य स्त्रियांसाठी रसायनशास्त्रावर व्याख्याने दिली होती, आणि त्या स्त्रियांनी भरलेल्या पैशांतूनच ही शिष्यवृत्ती स्थापन झाली होती.

तेव्हापासून वर्गबंधूंची मने कलुषित झाली. १८ नोव्हेंबर १८७० रोजी शस्त्रवैद्यांच्या सभागृहात शरीरशास्त्राच्या परीक्षेसाठी या मुली चालत आल्या, तो रस्ता अडवून उभा राहिलेला विद्यार्थ्यांचा जमाव शिव्या देत, चिखल फेकीत होता, आणि सभागृहाचे दार त्यांच्या तोंडावर आपटून लावण्यात आले. आतून कोणा सहृदयाने ते उघडले आणि परीक्षा सुरू झाली, तेव्हा टवाळांनी एक मेंढरू आत लोटून दिले. परीक्षक होते डॉक्टर हँडिसाइड. त्यांनी त्या मुक्या प्राण्याला हाकलू दिले नाही, त्याला पाठविणाऱ्यांपेक्षा अक्कल त्याच्याचपाशी अधिक आहे असा अभिप्राय दिला, आणि परीक्षा शांतपणे पुरी केली. पुढे जेक्स-ब्लेकने एका सभेत या दंग्याचा एक सूत्रधार कोण ते उघड बोलून दाखविले, त्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद झाली. ज्यूरीने बाईला दोषी ठरवून नुकसानभरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. पण खटल्याचा खर्च शेकडो पौंडांत गेला आणि तो तिच्याच माथी बसला. अखेरीस १८७३ साली स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने थोड्याशा मताधिक्याने असा निकाल दिला की, विद्यापीठाला या स्त्रियांना मुळात प्रवेश देण्याचाच अधिकार नव्हता. तेव्हा पदवी देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. चार वर्षांची फी, चार वर्षांचा अभ्यास, चार वर्षांची विटंबना, आणि शेवटी हातात काही नाही.

जेक्स-ब्लेकने लंडनला जाऊन १८७४ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय शाळा काढली. पीचीने स्वित्झर्लंडचा रस्ता धरला, जर्मन भाषेत अभ्यास केला, आणि १८७७ च्या आरंभी बर्न विद्यापीठाची एम. डी. पदवी मिळविली. तोपर्यंत, स्त्रियांची परीक्षा घ्यावयास संस्था मोकळ्या आहेत असे सांगणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटात १८७६ साली झाला होता. घेतलीच पाहिजे असे मात्र त्यात नव्हते, आणि घेण्यास प्रथम तयार झाले ते डब्लिनचे वैद्यमंडळ. त्याचा परवाना घेऊन पीचीने लीड्स शहरी व्यवसाय थाटला. सहा वर्षांत तेथे तिचा चांगला जम बसला. मुंबईचे बोलावणे आले ते अशा वेळी. म्हणजे पोटापाण्यासाठी परमुलूख धुंडाळण्याची तिला गरज नव्हती. एवढ्या दूरच्या देशात तिला काय मिळणार होते? मला वाटते, विलायतेत सहजासहजी जे मिळाले नसते ते: असे इस्पितळ, जेथे तिच्यावर कोणी पुरुष अधिकारी नाही, आणि ही गोष्ट कोणाच्या मर्जीवर नसून लिखित करारावर अवलंबून आहे.

डिसेंबर १८८३ मध्ये ती आली. इस्पितळाची इमारत पुरी होण्यास अडीच वर्षांचा अवकाश होता. तोवर जाफर सुलेमान या दात्याच्या नावाने निघालेल्या स्त्रियांच्या दवाखान्यात तिने काम सुरू केले. बायका येतील की नाही अशी शंका घेणारे पुष्कळ होते. बायका आल्या, गुजराती आल्या, पारशी आल्या, मराठी आल्या, बुरखा घेतलेल्या मुसलमान स्त्रिया आल्या, आणि इतक्या आल्या की एकटीच्याने काम आवरेना. लवकरच डॉक्टर शार्लट एलबी या विलायतेहून तिच्या मदतीस दाखल झाल्या. १८८६ साली कामा इस्पितळ उघडले, पीची त्याची मुख्य वैद्यकीय अधिकारी झाली, आणि परिचारिकांचे शिक्षणही तेथेच सुरू झाले. शेजारीच बमनजी एदलजी आल्बलेस यांच्या देणगीतून पुढे बाळंतपणाचे इस्पितळ उभे राहिले. मुंबईकर आजही ही दोन नावे एका श्वासात घेतात.

फंडाचा तिसरा हेतू, म्हणजे मुलींना ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकविण्याचा, हाही याच सुमारास मार्गी लागला, आणि तेथून बाहेर पडणाऱ्या मुलींना अनुभव घेण्यास कामा इस्पितळाचे वॉर्ड मोकळे होते. या दोहोंच्या जुळणीतच योजनेचे मर्म आहे. मद्रासेत शिक्षण होते, पण शिकून बाहेर पडलेल्या बाईला बसावयास स्वतःची खुर्ची नव्हती. मिशनांकडे खुर्ची होती, पण ती धर्मप्रसाराच्या ओसरीवर मांडलेली. मुंबईत शाळा आणि जागा दोन्ही, आणि दोन्ही धर्मनिरपेक्ष. कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर याच कॉलेजातून शिकून निघाल्या आणि आनंदीबाईंसाठी राखलेल्या त्याच आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात त्यांनी पुढे काम केले.

पीचीबाई केवळ औषधे देऊन स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नव्हत्या. समान कामाला समान वेतन मिळावे यासाठी त्या झगडल्या. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर त्यांची नेमणूक झाली. आणि १८९० साली हिंदू श्रोत्यांपुढे बालविवाहावर त्यांनी जे व्याख्यान दिले ते धर्मशास्त्राच्या नव्हे, तर शरीरशास्त्राच्या आधाराने. १८८९ साली त्यांनी हर्बर्ट फिप्सन या मुंबईतील मद्याच्या व्यापाऱ्याशी विवाह केला. दारूचे दुकान चालविणाऱ्या या गृहस्थाचा जीव मात्र साप, पाखरे आणि फुलपाखरे यांत रमलेला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तो चिटणीस, आणि त्या सोसायटीचे दप्तर व संग्रह बराच काळ त्याच्याच दुकानाच्या जागेत नांदत होते. या सोसायटीच्या संस्थापकांत दोन हिंदी डॉक्टर होते, एक आत्माराम पांडुरंग आणि दुसरे सखाराम अर्जुन. यांतील दुसऱ्यांच्या घरात आपल्या कथेचे पुढचे पात्र वाढत होते.

सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजातून निघालेले नाणावलेले डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ, सुतार समाजातले. त्यांनी जयंतीबाई या विधवेशी विवाह केला. त्या समाजात पुनर्विवाहाची चाल होती. जयंतीबाईंची पहिल्या पतीपासूनची मुलगी रखमाबाई. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी याच्याशी लागले, पण ती आईकडेच राहिली, सावत्र वडिलांच्या पुस्तकांत वाढली, आणि सासरी जावयास तिने साफ नकार दिला. १८८४ साली दादाजीने मुंबई हायकोर्टात फिर्याद लावली. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली ती फेटाळली, अपिलात प्रकरण पुन्हा चौकशीस आले, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, एक महिन्यात नवऱ्याच्या घरी जावे, नाही तर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करतो असे कळविले. टिळकांनी ‘केसरी’ व ‘मराठा’ यांतून तिच्यावर टीकेचे आसूड ओढले. बेहरामजी मलबारी व एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल वर्ड्स्वर्थ तिच्या बाजूने उभे राहिले. ज्या वृत्तपत्रांनी आनंदीबाईंच्या मृत्यूवर अश्रू ढाळून आठवडा उलटला नव्हता, त्यांनाच रखमाबाई नकोशी व्हावी, याचे मला आश्चर्य वाटत नाही: आनंदीबाई नवऱ्याच्या आग्रहाने डॉक्टर झाल्या होत्या, रखमाबाई नवऱ्याला नाकारून डॉक्टर होऊ पाहत होत्या. शेवटी १८८८ च्या जुलैत दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला हक्क सोडला.

पीचीबाईंनी या मुलीला हाताशी धरले. विलायतेतील मॅक्लारेन दांपत्याच्या आश्रयाने ती १८८९ साली जेक्स-ब्लेकच्या लंडन शाळेत दाखल झाली, आणि १८९४ साली स्कॉटलंडच्या वैद्य व शस्त्रवैद्य मंडळांचा संयुक्त परवाना तिने मिळविला. एडिंबरोच्या ज्या सभागृहाचे दार पीचीच्या तोंडावर लागले होते, ते आता स्त्रियांना उघडे होते, आणि त्यातून आत गेली ती पीचीची मुंबईकर शिष्या! ब्रुसेल्सची एम. डी. घेऊन रखमाबाई परतल्या, काही काळ कामा इस्पितळात राहिल्या आणि १८९५ साली सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. १८९४ सालीच प्रकृती ढासळल्याने पीचीबाईंनी कामा इस्पितळ सोडले होते. खाजगी व्यवसाय मात्र चालूच होता, आणि १८९६ ची प्लेगची साथ आली तेव्हा सरकारी बंदोबस्तातील ढिसाळपणावर त्यांनी स्पष्ट शब्दांत ठपका ठेवला. १९०५ साली त्या मायदेशी परतल्या आणि १९०८ साली वारल्या. नाशिकजवळ पतिपत्नींच्या नावाने एक आरोग्यधाम मागे राहिले.

इकडे सबंध हिंदुस्थानभर स्त्रीवैद्यकाची व्यवस्था पसरत चालली होती ती निराळ्या वाटेने. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी काढलेल्या फंडाकडे राजेरजवाड्यांच्या देणग्यांचा ओघ लागला, ठिकठिकाणी जनाना इस्पितळे उभी राहिली, आणि त्या फंडाने हजारो बायकांचे प्राण वाचविले हे नाकबूल करणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याची रचना दरबारी मेहेरबानीची होती. बहुतेक ठिकाणी स्त्रीडॉक्टर ही सिव्हिल सर्जनच्या देखरेखीखाली. तिला ना वेतनश्रेणी, ना बढती, ना निवृत्तिवेतन. स्थानिक कमिटीचे मन फिरले की जागा गेली. मुंबईचे कलम त्या व्यापक योजनेत उतरलेच नाही. वीस वर्षे हे गाऱ्हाणे धुमसत राहिले आणि १९०७ साली हिंदुस्थानातील स्त्रीडॉक्टरांनी आपला संघ स्थापन केला, तेव्हा त्याच्या अग्रभागी होत्या डॉक्टर ॲनेट बेन्सन, कामा इस्पितळाच्या प्रमुख. ज्यांना स्वतःला ही तक्रार नव्हती त्यांनीच ती मांडावी, हा योगायोग नव्हे. हुकमत काय असते हे ज्यांनी अनुभविले होते, त्यांनाच तिचा अभाव नेमका सांगता येत होता. संघाच्या रेट्याने १९१४ साली स्त्रियांची स्वतंत्र वैद्यकीय सेवा निर्माण झाली, आणि दोन वर्षांनी दिल्लीस लेडी हार्डिंज कॉलेज उघडले.

या नव्या सेवेत येण्याविषयी रखमाबाईंना विचारणा झाली. तोपर्यंत सुरतेत त्यांना वीसांहून अधिक वर्षे झाली होती. त्यांनी नकार दिला आणि १९१८ साली राजकोटच्या स्त्रियांच्या संस्थानी इस्पितळाचा ताबा घेतला. तेथे त्या निवृत्तीपर्यंत मुख्य अधिकारी होत्या. १९२९ च्या सुमारास, नोकरी संपत आली असता, त्यांनी पडदापद्धती बंद झाली पाहिजे असे प्रतिपादन करणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पडद्यातील स्त्री पुरुषाकडे जात नाही, या एकाच युक्तिवादावर हिंदुस्थानातील निम्मी जनाना इस्पितळे उभारली गेली होती, आणि पस्तीस वर्षे तसल्याच इस्पितळांत काढलेल्या बाईने तो पडदाच फाडावयास सांगितला. पुढे पंचवीस वर्षे त्या मुंबईतच होत्या. १९५५ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या वारल्या तेव्हा कामा इस्पितळाची प्रमुख स्त्रीच असावी हे मुंबईकरांच्या इतके अंगवळणी पडले होते की ते एके काळी सरकारकडून अट घालून मिळवावे लागले होते, याची आठवणही फारशी कोणाला उरली नव्हती.